लिंक उडाली, फाईल तिथंच

(दृश्य: लातूर, पहाट. अभ्यासिकेचं शटर वर जातं.)

लातुरात आधी अभ्यासिकांना जाग येते, मग चहाच्या टपऱ्यांना. 'लातूर पॅटर्न'चं नाव झालं तेव्हापासून हे शहर नोट्सवर आणि झेरॉक्सवर चालतं. आता झेरॉक्सचीही गरज उरली नाही.

(दृश्य: मोबाईलवर उतरणारी पीडीएफ.)

जीवशास्त्राच्या एका सरांनी तीन वर्षं खपून प्रश्नसंच तयार केला, पदरमोड करून छापला. कुणीतरी तो पानन्‌पान स्कॅन करून फायली साठवणाऱ्या एका सेवेवर चढवला. सरांनी तक्रार केली, लिंक उडाली. दुसऱ्या दिवशी तीच फाईल, नवी लिंक.

मेख इथंच आहे. लिंक म्हणजे नुसता दरवाजा. फाईल आत तशीच असते, तिला हवे तितके दरवाजे काढता येतात. अमेरिकेनं जानेवारी २०१२ मध्ये मेगाअपलोड ही अशीच फायली साठवणारी सेवा बंद पाडली, तेव्हा एक आरोप हाच होता: तक्रार आली की लिंक काढतात, फाईल ठेवतात. त्या कारवाईत मात्र साध्यासुध्या लोकांच्या स्वतःच्या फायलीही अडकल्या.

मग सेवेनं सगळं चाळत बसायचं का? दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाच्या खटल्यात तशी सक्ती केली नाही. पण नेमकं कुठलं साहित्य चोरीचं आहे हे मालकानं कळवलं, तर ३६ तासांत काढा, असं सांगितलं. तात्पुरत्या साठवणुकीबाबत २०१३ चे कॉपीराइट नियमही ३६ तासच देतात. पुढं २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर ती फाईल पुन्हा खुली करायची मुभा. आता क्लास सांभाळून २१ दिवसांत आदेश आणायचा कसा, हे सरांनाच विचारा!

तक्रार खरी ठरली, तर फाईलच काढावी. प्रत्येक फाईलचा संगणकी ठसा निघतो. तो जुळला की दुसऱ्यांदा चढवणं रोखता येतं. एक पान बदललं की ठसा बदलतो, हे खरं. म्हणून पुन्हापुन्हा चढवणाऱ्याचं खातंच बंद करायला हवं. पण आधी त्याला कळवावं, त्याचं ऐकावं. एखाद्या पोरीनं स्वतःच्या हातानं काढलेल्या नोट्सवरही कुणी खोटी तक्रार ठोकू शकतं.

(दृश्य: सर, हातात मोबाईल.)

सरांनी तक्रारीचा मजकूर आता मोबाईलमध्येच लिहून ठेवलाय. लिंकची जागा तेवढी कोरी सोडलीय.