न संपणारी उमेदवारी

मित्रहो, आजच्या व्याख्यानाला आयोजकांनी 'सुशिक्षित बेकारी' असा विषय दिला आहे. मला ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, ती मुलं रूढ अर्थाने बेकार नाहीत. रोज डबा घेऊन घराबाहेर पडतात, ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या लोकल गाडीत उभ्याने ऐरोली, रबाळे, घणसोली गाठतात. महिन्याला थोडाफार पगारही हातात पडतो. सरकारी पाहणीत चालू आठवड्याची स्थिती मोजताना, सात दिवसांत एक तास जरी काम केलेलं असेल तरी माणूस रोजगारात धरला जातो. तेव्हा ही मुलं बेकारांच्या आकड्यात येतच नाहीत. घरचेही म्हणतात, 'काहीतरी चालू आहे ना, मग झालं.' या 'काहीतरी'बद्दल मला बोलायचं आहे.

मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. माझी एक विद्यार्थिनी सेंद्रिय रसायनात एम.एस्सी. झाली, प्रथम श्रेणीत. गेल्या वर्षी ती घरी आली आणि तिने टेबलावर दोन बायोडेटा ठेवले. एकात एम.एस्सी. होतं. दुसऱ्यात शिक्षण बी.एस्सी.वरच थांबलं होतं आणि पुढची दोन वर्षं 'घरगुती कारणांमुळे खंड' अशी लिहिली होती. पहिला बायोडेटा पाठवला की 'तुम्ही इथे टिकणार नाही' म्हणतात. दुसऱ्यावर तिला नोकरी लागली. ऐरोलीतल्या एका कचेरीत रात्रपाळी, परदेशी रुग्णालयांची बिलं तपासायची. प्रयोगशाळेत रात्र रात्र उभं राहून मिळवलेली दोन वर्षं तिने स्वतःच्या हाताने खोडली होती. ते दोन कागद माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाहीत.

तिच्या नियुक्तिपत्रावर वर्षाला २ लाख ४० हजार असा आकडा होता. घरच्यांनी महिना वीस हजारांचा हिशेब धरला. आम्ही दोघांनी बसून ते पत्र वाचलं. भविष्यनिर्वाह निधीतला तिचा वाटा १,८०० रुपये आणि मालकाचा वाटाही १,८०० रुपये, दोन्ही त्या आकड्यातच. विमा, ग्रॅच्युइटी त्यातच. हातात जेमतेम साडेपंधरा हजार. आणि पत्राच्या डोक्यावर जिथे ती रोज जाते त्या कंपनीचं नाव नव्हतंच. मनुष्यबळ पुरवणाऱ्या भलत्याच एका ठेकेदाराचं होतं. करार अकरा महिन्यांचा.

आपल्या भाषेत 'उमेदवारी' हा फार चांगला शब्द आहे. त्यात उमेद आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत आपल्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. तिथे लागलेली माणसं या सभागृहात बसलेली आहेत. आयटीआय करायचं, वर्ष-दोन वर्षं कमी पैशांत उमेदवारी करायची, मिस्त्रीच्या शिव्या खायच्या आणि मग कायम व्हायचं. त्या पगारावर सावरकरनगरात किंवा कळव्यात खोली झाली, पोरांची शिक्षणं झाली. दिवस हलाखीचेच होते, मी त्यांचं गुणगान करत नाही. पण उमेदवारीला शेवट होता. आजच्या मुलाची एक उमेदवारी संपते ती दुसरी सुरू होण्यासाठी. राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिना १० हजार, तेही सुरुवातीला सहा महिन्यांपुरतं. सातव्या महिन्यात काय, हा त्या मुलांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

हे झालं कसं? १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. शिक्षणाची दारं उघडली, त्याचा खर्च मात्र आईबापांवर आला. इकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे रसायनांचे आणि औषधांचे अनेक कारखाने एकामागून एक बंद पडले किंवा बाहेर गेले. त्या जागांवर काचेच्या इमारती आल्या, गोदामं आली, आता संगणकांवर माहिती साठवणारी डेटा सेंटर येत आहेत. एवढ्या प्रचंड इमारतीत माणसं किती लागतात, ते शेजारून जाताना पार्किंग बघून कळतं. मग इंजिनिअर डिप्लोमावाल्याची जागा घेतो, डिप्लोमावाला आयटीआयवाल्याची, आणि आयटीआय झालेला मुलगा भिवंडीच्या गोदामात पार्सलं स्कॅन करतो. प्रत्येक जण एकेक पायरी खाली सरकलेला आहे. सगळ्यात खाली जो होता तो कुठे गेला, हे तर कोणी विचारतही नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी ३.४ टक्के, पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. याचा अर्थ शिकू नये असा कोणी काढला तर मला फार वाईट वाटेल. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे त्याला थांबणं परवडत नाही, तो मिळेल ते काम घेतो. पदवीधराचं घर काही महिने थांबू शकतं, म्हणून तो आकड्यात दिसतो. आणि थांबणं संपलं की तोही माझ्या विद्यार्थिनीसारखा आकड्यातून नाहीसा होतो.

काही जण मग सरकारी भरतीकडे वळतात. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. ऐन पावसाळ्यात मैदानी चाचण्या झाल्या. त्यात इंजिनिअर होते, एमबीए होते. त्याआधीच्या वर्षी तलाठी भरतीला खुल्या गटाचं शुल्क १,००० रुपये होतं. साडेपंधरा हजार कमावणाऱ्याने असे किती फॉर्म भरायचे? नोकरी मागणाऱ्याकडून पैसे घेणं मला मुळातच गैर वाटतं, मग ते सरकारने घेतले तरी.

समोर बरेच पालक दिसत आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलतो. लग्नकार्यात कोणी विचारलं की आपण सांगतो, 'मुलगी आयटीत आहे.' मुलगी शेजारी उभी राहून ते ऐकते. ती आपल्याला खोटं पाडत नाही, आणि त्या दिवसापासून स्वतःची अडचणही सांगत नाही. माझ्या विद्यार्थिनीने ते दोन बायोडेटा वडिलांना न दाखवता मला दाखवले, त्याचं कारण हेच होतं.

आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी येत्या शनिवारपासून दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात इथेच, तळमजल्यावर बसणार आहोत. एक जण कारखान्यात कामगार अधिकारी होते, एक बँकेत होते. तुमचा करार खरा कोणाशी आहे, भविष्यनिर्वाह निधी खरोखर भरला जातो का, एवढं तरी आपण मिळून वाचू. येताना नियुक्तिपत्र आणा. नसेल तर पगाराची पावती आणा. तीही दिलेली नसेल तर तसेच या.