तोफ अजून चालते आहे

[पडद्यावर: नकाशा. पाकिस्तानातल्या शकरगढचा भाग, त्यातून जाणारी बसंतर नदी.]

१६ डिसेंबर १९७१. ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या तो दिवस. त्याच दिवशी पश्चिम आघाडीवर, बसंतरपलीकडे जरपालजवळ, १७ पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. वय २१ वर्षं. अधिकारी होऊन सहा महिने आणि तीन दिवस.

रणगाडा सोडणार नाही, माझी तोफ अजून चालते आहे, असं ते रेडिओवर म्हणाले. हे वाक्य दरवर्षी सांगितलं जातं. त्याचं वजन कळायचं तर आधी सुरुंग आणि रणगाडा समजून घ्यावा लागतो.

[पडद्यावर: जुनी छायाचित्रं.]

जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. वडील लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये. १९६७ साली खडकवासल्याची एनडीए, मग डेहराडूनची लष्करी अकादमी, आणि १३ जून १९७१ ला पूना हॉर्स. तीन डिसेंबरला युद्ध पेटलं तेव्हा ते अहमदनगरला यंग ऑफिसर्स कोर्स करत होते. कोर्स अर्ध्यावर टाकून रेजिमेंटला जाऊन मिळाले.

[पडद्यावर: सुरुंगक्षेत्रातली वाट, रेखाचित्र.]

बसंतरवर खरी अडचण सुरुंगांची होती. रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या वजनानं सहसा फुटत नाही, त्यामुळे पायदळ पुढे सरकू शकतं. पूना हॉर्सकडचा पन्नासेक टनांचा सेंच्युरियन रणगाडा वर आला की तो फुटतो आणि बहुतेक वेळा चाकांवरचा पट्टा तोडतो. आतली माणसं वाचली तरी रणगाडा जागीच बसतो. इंजिनिअर्स सुरुंग काढून जी वाट करतात ती एका रणगाड्यापुरतीच असते, दोन्ही कडांना खुणा लावलेली. पुढचा अडकला की मागची रांग खोळंबते. त्याला वळसा घालून जावं, तर बाजूला पुन्हा सुरुंग.

१५ तारखेच्या रात्री ४७ इन्फन्ट्री ब्रिगेड पलीकडे पोचली होती. वाट मात्र निम्मीच साफ झाली होती, आणि समोर शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल सुरू झाल्याची खबर आली. रणगाड्यांच्या आधाराशिवाय पायदळ फार काळ टिकत नाही. पूना हॉर्सनं वाट पुरी व्हायची वाट पाहिली नाही, राहिलेल्या सुरुंगांतूनच रणगाडे पुढे काढले. लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग तेव्हा रेजिमेंटचे प्रमुख होते.

सकाळी आठच्या सुमारास धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानी रणगाडे आले. रेजिमेंटच्या बी स्क्वाड्रननं, म्हणजे एका तुकडीनं, मदत मागितली. ए स्क्वाड्रनमधून खेत्रपाल आपले रणगाडे घेऊन निघाले.

[पडद्यावर: सेंच्युरियनचा उभा छेद.]

आत चौघं. चालक पुढे, खाली. वर टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, कमांडर, गनर आणि लोडर. लोडरच रेडिओही सांभाळतो. कमांडर लक्ष्य हेरतो, कोणता गोळा भरायचा ते सांगतो, लोडर भरतो, गनर नेम धरून डागतो. झाकण लावलं की बाहेरचं फार थोडं दिसतं, धुरात तर जवळपास नाहीच. म्हणून कमांडर गोळाबारीतही डोकं बाहेर काढून बघतो. आणि दारूगोळा? तो या चौघांच्या अगदी शेजारी रचलेला असतो. रणगाडा पेटला की तो कधी उडेल याचा भरवसा नाही. खेत्रपालांचा रणगाडा गोळा लागून पेटला तेव्हा त्यांना उतरायला सांगितलं गेलं, ते याचसाठी. तो हुकूम योग्यच होता.

पण जोडीच्या रणगाड्यांपैकी एकाला गोळा लागला होता, दुसऱ्याची तोफ बंद पडली होती. तोफ चालत नसेल तर रणगाडा शत्रूला अडवू शकत नाही. त्या बाजूला चालती तोफ ही एकच उरली होती. ती मागे गेली असती तर मागचं पायदळ उघडं पडलं असतं. आपली तोफ अजून चालते आहे, हे खेत्रपालांनी रेडिओवर कळवलं ते अशा वेळी.

त्यांच्या मानपत्रात शत्रूचे दहा रणगाडे उद्ध्वस्त झाल्याची नोंद आहे, त्यांतले चार खेत्रपालांनी स्वतः टिपलेले. शेवटचा जेमतेम शंभर यार्डांवर होता. त्यानंतर त्यांच्या रणगाड्यावर दुसरा गोळा बसला. रेडिओ ऑपरेटर सवार नंद सिंग यांनीही त्या दिवशी याच रणगाड्यात प्राण दिले. हे नाव कार्यक्रमांतून सहसा घेतलं जात नाही. ते घ्यायलाच हवं.

शत्रू फळी फोडू शकला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आठला युद्धविराम झाला. खेत्रपालांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. १९६५ च्या लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांच्यानंतर पूना हॉर्सचं हे दुसरं.

२००१ साली त्यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर, आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. यजमान होते पाकिस्तानी लष्कराचे ब्रिगेडियर नासेर. मुक्कामाच्या शेवटी नासेर यांनी सांगितलं की अरुणवर तो गोळा आपण डागला होता. वडील तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे होते.

[पडद्यावर: रणगाडा, क्रमांक जेएक्स २०२.]

खेत्रपालांच्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता. युद्धानंतर तो परत मिळाला, दुरुस्त झाला. आज तो अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये उभा आहे. यंग ऑफिसर्स कोर्स तिथंच चालतो.