कुर्ल्याची पॅलिओ, घाटाचा उतार

(दृश्य: पारदर्शक नळी, तिच्या तोंडाशी पाण्याची रिकामी बाटली. काळपट द्रव थेंबथेंब उतरतोय.)

हे ब्रेक ऑइल, पेडलवरचा दाब चाकापर्यंत नेणारं. नवं असतं तेव्हा फिकट मधासारखं दिसतं. आत्ता बाटलीत उतरतंय ते टपरीवरच्या आटलेल्या काळ्या चहासारखं आहे. गाडीच्या सगळ्या जुन्या पावत्या काढून बघितल्या. इंजिन ऑइल दर वर्षी बदललेलं, ब्रेकचे पॅड दोनदा बदललेले. ब्रेक ऑइलची नोंद मात्र एकाही पावतीवर नाही.

(दृश्य: गॅरेजच्या दारात उभी लाल गाडी. बॉनेटवर ऊन.)

ही फियाट पॅलिओ. इंजिन 1.6 लिटरचं, सोळा व्हॉल्व्ह, 100 अश्वशक्ती. बाबांनी 2002 साली घेतली. पॅलिओ भारतात आली त्याच्या आदल्याच वर्षी, इटलीचे डिझायनर जुजारो यांच्या कंपनीने घडवलेला तिचा नवा चेहरा घेऊन. आपल्याकडे त्या काळी छोटी गाडी म्हणजे आठशे किंवा हजार सीसी. त्यांत ही आली आणि तरुण पोरं रस्त्यात थांबून बघायला लागली. सचिन तेंडुलकरच्या नावाची एस-10 ही 500 गाड्यांची खास आवृत्ती याच इंजिनावर निघाली होती. भारतातली पहिली हॉट हॅच, म्हणजे छोटी पण जोरकस गाडी, कुठली, या वादात माझं मत ठरलेलं आहे.

तिचा जन्म कुर्ल्याचा. ज्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडायच्या, तिथेच पॅलिओही बनली. म्हणजे निम्मी इटलीची, निम्मी मुंबईची. आज तो कारखाना नाही, फियाटच्या गाड्याही भारतात विकल्या जात नाहीत. उरल्यात त्या अशा, घराघरांत जपलेल्या.

(दृश्य: बोरघाट, जुना रस्ता. गाडीच्या काचेतून वळणं.)

गेल्या पावसाळ्याआधी बोरघाट उतरताना शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे हिचं ब्रेक पेडल मऊ झालं. दुसऱ्या वळणाला ते पार खाली गेलं. दुसरा गिअर, हँडब्रेक, रस्त्याची कड. आम्ही थांबलो.

खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत गाडी साधारण पाचशे मीटर खाली उतरते. दोन माणसं धरून हिचं वजन अकराशे किलो. शंभरच्या वेगातली ही गाडी एकदा पूर्ण थांबवली, की ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिने सव्वा लिटर पाणी सहज उकळेल. आणि सगळा घाट नुसत्या ब्रेकवर उतरवला, तर तेवढी उष्णता बारा वेळा. यातलं बहुतेक पेलायचं पुढच्या चाकांसोबत फिरणाऱ्या दोन डिस्कनी, त्यांना दोन्हीकडून दाबणाऱ्या चार पॅडनी आणि वाटीभर ऑइलने.

त्यातलं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-4 या दर्जाचं ऑइल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की हा आकडा 155 पर्यंत खाली येतो. ते कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या जबड्यात, उकळलं की वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल नुसतंच खाली जातं आणि गाडी तशीच पळते. घाटात आमचं तेच झालं.

(दृश्य: पुणे, नाना पेठेतली गल्ली. टांगलेले क्लच वायर, मडगार्ड, गॅस्केट.)

ब्रेक वाढवायचे म्हटलं की लोक पहिल्यांदा मोठ्या डिस्कचा सेट सुचवतात. भोकं पाडलेल्या डिस्क, रंगीत कॅलिपर. अशा सेटच्या किमतीत दुसरी जुनी पॅलिओ येईल. मीही तेच मनात धरून गॅरेजला गेलो होतो. तिथल्या मेकॅनिकना सगळी गल्ली चाचा म्हणते. चाचा म्हणाले, "आधी चाक काढू दे बाळा. आहे ते ब्रेक पूर्ण लागतायत का, ते तरी बघू."

(दृश्य: गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. चाक निघतं. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगलेला.)

कॅलिपर तारेने टांगलाय, तिकडे लक्ष द्या. घाईत तो होजवर, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत सोडतात आणि होज आतून फाटतो.

(दृश्य: चाचांच्या तळहातावर दोन पॅड, शेजारी शेजारी. अगदी जवळून.)

हे दोन्ही पॅड एकाच चाकाचे, एकाच दिवशी बसवलेले. बाहेरच्या पॅडवर नखभर मसाला शिल्लक आहे. आतला लोखंडाला टेकायला आलाय, आणि त्याच्यावर काचेसारखी चकाकी आहे. या गाडीचा कॅलिपर एका पिस्टनचा. पिस्टन आतला पॅड ढकलतो आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन गंजून अडकली की सरकणं बंद. मग सगळं काम आतल्या पॅडवर पडतं आणि बाहेरचा नुसता सोबतीला उभा.

(दृश्य: पिन निघतेय. पॉलिश पेपर, कापड, बोटावर ग्रीस.)

अख्ख्या कामातली ही सगळ्यांत स्वस्त वस्तू, म्हणून कॅमेरा इथे मुद्दाम थांबवला. पिन बाहेर काढली, पॉलिश पेपरने घासली, जागा पुसली आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं. साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबरी टोप्या फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. डाव्या बाजूची टोपी फाटलेली होती. टोप्यांचा किट पुण्यात मिळाला नाही. मिळाला कुर्ल्याला, सीएसटी रोडवर. गाडी जिथे जन्मली त्याच गावात.

(दृश्य: डिस्कच्या कडेला जाडी मोजायचा व्हर्निअर.)

डिस्क बदलायची का, हे ती स्वतःच सांगते. कमीत कमी किती जाडी चालेल ते तिच्यावर कोरलेलं असतं. आमच्या डिस्कमध्ये लेथवर घासून घेण्याएवढंही उरलं नव्हतं, म्हणून नव्या घेतल्या. साध्या, मूळ मापाच्या. भोकं पाडलेल्या घेतल्या नाहीत. उष्णतेने भोकांपासूनच तडे सुरू होतात, आणि रस्त्यावरच्या गाडीला त्यांचा काडीचा फायदा नाही. नवी डिस्क बसवण्याआधी ती जिथे टेकते त्या हबचं तोंड घासून गंज काढला. तिथे केसाएवढा जरी गंज राहिला तरी डिस्क तिरकी बसते, आणि पुढे ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं.

(दृश्य: नव्या पॅडची पाठ. बारीक छापलेली अक्षरं.)

आता पॅड. खोक्यावर काय लिहिलंय ते सोडा, पॅडवर छापलेला नंबर बघा. त्यात शेवटी दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर गार पॅडच्या पकडीचं, दुसरं तापलेल्याच्या. ई म्हणजे कमी, एफ म्हणजे मध्यम, जी त्याच्या वर. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर पकड सोडणार, असा पॅड घाटासाठी घेऊ नका. आम्ही दोन्ही एफ असलेले घेतले. शर्यतीचे पॅडही दुकानदाराने पुढे केले होते. ते तापल्याशिवाय धरत नाहीत. सकाळी सोसायटीच्या गेटाबाहेर पडताना सायकलवरचं पोर आडवं आलं, तर गार पॅडनेच थांबायचं असतं.

(दृश्य: जुना रबरी होज चाचा वाकवतात. बारीक भेगा उघडतात.)

होज वीस वर्षांपूर्वीचे. आत रबर सुजलं की दाब परतत नाही, पॅड डिस्कला घासत राहतात. चारही बदलले. तारेच्या जाळीचे घेता आले असते, पण नवं चांगलं रबर आम्हाला पुरेसं होतं.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम आहेत, आणि ड्रमकडे कोणी बघतच नाही. लायनरवरची, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांवरची, धूळ चाचांनी ओल्या कापडाने पुसली. हवेचा पाइप मारू दिला नाही, ही धूळ छातीत जायला नको. लायनर अजून चांगले होते, फक्त ड्रमपासून लांब गेले होते. ते जवळ आणले. हँडब्रेक आधी नवव्या दातावर धरायचा, आता पाचव्यावर धरतो. पेडलही वर आलं. याचे चाचांनी फक्त मजुरीचे पैसे घेतले.

(दृश्य: गाडीत पेडलवर पाय. पेडलखाली लाकडाचा ठोकळा.)

हा ठोकळा विसरायचा नाही. पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये, पेडल एरवी जिथवर पोचत नाही, तिथे आत गंज साठलेला असतो. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना पेडल तळाला आपटलं की सील त्या गंजावर घासून कापलं जातं, आणि चांगला ब्रेक त्याच दिवशी निकामी होतो.

(आवाज: "मार... मार... मार... पकड! सोडू नको." हवा सोडायच्या निप्पलवर पाना अर्धा आटा फिरतो. "आता सोड.")

सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. टाकीतलं ऑइल मध्येच संपू द्यायचं नाही, नाहीतर हवा पुन्हा आत. नळीत आधी काळं येतं, मग बुडबुडे, मग मधाचा रंग. डॉट-4 चे दोन सीलबंद डबे लागले. डॉट-5.1 घातलं तरी चालतं. नुसतं डॉट-5 मात्र नाही, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. आणि डबा एकदा उघडला की उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

(दृश्य: टेबलावर पावत्या.)

डिस्क, पॅड, होज, किट, ऑइल आणि मजुरी. सगळं मिळून साडेचौदा हजार.

मोठ्या डिस्क बसतात का? दुसऱ्या गाड्यांचे भाग लावून काही जण बसवतात. पण चाकाच्या आत जागा लागते, कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला की पेडल लांब जातं, आणि मोठी चाकं घालताना एक चूक हमखास होते. या गाडीचे बोल्ट 98 मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत, बाजारातली बरीचशी चाकं 100 ची. ती बसल्यासारखी वाटतात. बोल्ट तिरका जातो आणि पुढे सैल होतो. कोणी "दोन मिलिमीटरने काय होतंय" म्हणालं, तर त्या दुकानातून उठा.

(दृश्य: टायरच्या बाजूवरचे चार आकडे.)

टायरवरचे हे चार आकडेही वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबते टायरवर. आमचे टायर अजून मऊ आहेत, म्हणून या खेपेला ते राहिले.

(दृश्य: रिकामा सरळ रस्ता, सकाळ. गाडी वेग घेते, हळू होते, पुन्हा वेग घेते.)

नवे पॅड डिस्कवर रुळवावे लागतात. साठवरून पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा. मग ब्रेकला पाय न लावता गाडी फिरवून गार करायची. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर तिथेच त्याचा ठसा उमटतो.

(दृश्य: रस्त्यावर खडूच्या दोन रेघा. पावलं.)

साठच्या वेगावरून थांबण्याची जुनी रेघ ही, नवी ही. मधे माझी पाच पावलं.

(दृश्य: बोरघाट, उतार. गिअरवर हात. शिंग्रोबाचं देऊळ मागे जातं. निवेदन नाही.)

(दृश्य: खोपोली. बॉनेट उघडं.)

2027 मध्ये गाडी पुन्हा पासिंगला जाईल. बाबा अजून शेजारच्या सीटवर बसतात, उतारावर अजून उजवा पाय दाबतात.

(दृश्य: ब्रेक ऑइलच्या टाकीवर चिकटपट्टी. चाचांच्या हातात मार्कर.)

चाचांनी पट्टीवर आजची तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले. खाली दोन वर्षांनंतरची तारीख लिहून तिच्याभोवती गोल केला.