ओवाळणी आतून यावी

मंडळी, राखीला आणि भाऊबीजेला तुरुंगाच्या फाटकाबाहेर लागणारी बहिणींची रांग आपण इंदूरकरांनी पाहिलेली आहे. बहीण आत जाते, ओवाळते, राखी बांधते. आणि भावाकडे तिच्या ताटात घालायला काही नसतं. मला आज त्या रिकाम्या हाताबद्दल बोलायचं आहे.

'मी तुरुंगात होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात', हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन आम्ही ख्रिस्ती घरांत लहानपणापासून ऐकतो. म्हणून आमची मंडळी तुरुंगात जातात. पण जाऊन करायचं काय? साबण, चादरी, फळं वाटायची, दोन गाणी म्हणायची आणि घरी यायचं, असंच पुष्कळदा होतं. ते वाईट नाही. पण त्यात कैदी फक्त घेणारा राहतो, आणि घेऊन घेऊन माणूस आतून खचतो.

अमेरिकेत अलाबामा राज्यात टटवायलर नावाचा बायकांचा तुरुंग आहे. तिथे मेरी के बिअर्ड दरोड्याची शिक्षा भोगत होती. नाताळात चर्चचे लोक कैदी बायकांना साबण, टूथपेस्ट असलं काहीबाही देत. तिने पाहिलं, की या बायका ते वापरतच नाहीत. जपून ठेवतात, मिळेल त्या कागदात बांधतात आणि भेटीला आलेल्या मुलांच्या हातावर ठेवतात. सुटल्यावर, 1982 मध्ये, तिने भर बाजारात नाताळचं झाड उभं केलं. त्यावर कागदी देवदूत, आणि प्रत्येकावर एकेका कैद्याच्या मुलाचं नाव. लोकांनी एक देवदूत उचलायचा, भेटवस्तू आणायची आणि ती त्या मुलाला आईच्या किंवा वडिलांच्या नावाने द्यायची. तेच पुढे 'एंजल ट्री' म्हणून देशोदेशी गेलं. मला या कामाबद्दल फार आदर आहे. तरी मनापासून सांगतो, मला दुकानातल्या खेळण्यापेक्षा तो साबण मोठा वाटतो. आईने स्वतःच्या अंगाला न लावता तो लेकरासाठी ठेवला होता.

म्हणून माझा आग्रह आहे, की आपण तयार वस्तू नेऊच नये. कच्चा माल न्यावा आणि शेजारी बसावं.

आता तुरुंगात सुई, ब्लेड, कात्री सहजासहजी जात नाही, आणि जाऊही नये. जी वस्तू आत जायची ती आधी दाखवून, परवानगी घेऊनच. पण कागदी मण्यांना यातलं काही लागत नाही. जुन्या कॅलेंडरच्या लांब, निमुळत्या पट्ट्या आपण घरीच कापायच्या. आत काडीभोवती पट्टी गुंडाळायची, टोकाला मैद्याची खळ लावायची, काडी ओढून घ्यायची. झाला मणी. धार जिल्ह्यातला एक तरुण बाप असे मणी करत होता आणि मधेच थांबला. म्हणाला, "दादा, माळ केवढी करू? पोरगी केवढी झाली असेल?" पुढच्या मुलाकातीला त्याच्या बायकोने पोरीच्या गळ्याच्या मापाचा दोरा आणला. तो दोरा त्याने गादीखाली ठेवला आणि रोज मणी त्याला लावून पाहायचा.

देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांतली तीन कच्चे कैदी आहेत. 2022 च्या सरकारी आकड्यांत 5 लाख 73 हजारांपैकी 4 लाख 34 हजार. त्यांचा खटला चालू असतो. शिक्षा नाही, त्यामुळे सक्तीचं काम नाही, आणि बहुतेकांना मजुरीही नाही. त्यांनी लेकीला काय पाठवावं?

काहींना शंका येते, आणि ती मोकळेपणाने बोलली पाहिजे: ख्रिस्ती लोक भेटी घेऊन तुरुंगात जातात ते कशासाठी? आपल्या मध्य प्रदेशाच्या 2021 च्या धर्म स्वातंत्र्य कायद्याने आमिष दाखवून धर्मांतर करायला बंदी आहे, आणि त्या आमिषात भेटवस्तूही येते. माझं म्हणणं कायद्याच्या भीतीपोटी नाही. माळेसोबत पत्रक जाऊ नये, चर्चचं नाव जाऊ नये, आपला फोटोही नको. पोरीला एवढंच कळावं, की हे बाबांनी केलं. सण कुठला, तेही त्या घरानेच ठरवावं.

याच इंदूरच्या तुरुंगात 2002 साली राखीच्या सुमारास सिस्टर सेल्मी पॉल गेल्या होत्या. त्यांची बहीण, सिस्टर राणी मारिया, उदयनगर भागात आदिवासींना सावकारी पाशातून सोडवत होत्या. 1995 मध्ये बसमध्ये त्यांचा खून झाला. सेल्मीबाईंनी त्या खुन्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी राणी मारियांच्या कुटुंबाने संमती दिली आणि 2006 मध्ये तो सुटला. नाताळची वाट न पाहता एका ख्रिस्ती जोगिणीने राखीचा सण धरला, हे मी विसरू शकत नाही.

तर काम असं आहे. भाऊबीज नाताळच्या आधी येते, म्हणून गणपती उठले की पट्ट्या कापायला बसावं लागेल. जाड, गुळगुळीत कागदाची जुनी कॅलेंडरं हवीत. स्टेपलच्या पिना काढून द्या. आणि झाबुआ, बडवानीकडे ज्यांचं जाणं-येणं असतं त्यांनी मला आज भेटाच. मुलाकातीला येण्याइतके पैसे ज्या घरांकडे नाहीत, तिथे वस्तू हातोहात पोचवायची आहे.