ऑर्डर आणि पार्सल यांच्या मधलं वर्ष

(डिझाइनच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी तुमच्यापैकी काहींचे स्क्रीन पाहिले. ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, चाहत्यांसाठी ॲप म्हटल्यावर सगळ्यांनी आधी दुकान मांडलंय. फोटो, किंमत, कार्ट, पेमेंट, आणि गप्पांसाठी खाली एक वेगळा टॅब. दिसायला नेटकं आहे. पण ॲनिमेच्या वस्तूंच्या या बाजारात माल बऱ्याचदा आधी विकला जातो आणि मग तयार होतो, हे त्यात कुठेच दिसत नाही.

एक फिगर घ्या, म्हणजे एखाद्या पात्राची छोटी मूर्ती. टोकियोजवळच्या चिबात, माकुहारी मेस्सेमध्ये, वर्षातून दोनदा वंडर फेस्टिव्हल हा फिगरचा मेळा भरतो. तिथे काचेआड एक करडी, बिनरंगाची मूर्ती ठेवलेली असते. तिची किंमत ठरलेली नसते, तारीखही नसते. काही महिन्यांनी रंगवलेला नमुना दाखवतात, मग ऑर्डर उघडते, तीही अनेकदा ठरावीक मुदतीपुरती. मुदत संपली की उत्पादन, बहुतेक वेळा चीनमधल्या कारखान्यात. वस्तू हातात पडेपर्यंत वर्ष सहज जातं. तारीख पुढे ढकलली जाणं तर इतकं अंगवळणी पडलेलं, की चाहते त्यावर रागावण्यापेक्षा विनोदच जास्त करतात.

आता यात पैशाची गंमत पाहा. बरीच जपानी दुकानं पैसे ऑर्डरच्या वेळी घेत नाहीत, माल आल्यावर घेतात. 1/7 स्केलची, म्हणजे पात्राच्या उंचीच्या सातव्या हिश्शाची, चांगली फिगर आज 20,000 येनच्या घरात जाते. मार्चमधली एक लांबली, मेमधली दुसरी लांबली, आणि दोन्ही जुलैच्या तिसरीबरोबर येऊन धडकल्या की त्या महिन्यात खिशाचे बारा वाजतात. म्हणून माझ्या ॲपचा पहिला स्क्रीन दुकानाचा नसेल, कॅलेंडरचा असेल: कोणत्या महिन्यात काय येणार आणि किती पैसे जाणार. मुंबईत बसून मागवणाऱ्याला पोस्टेज आणि कस्टमचा अंदाजही तिथेच दिसायला हवा, पार्सल अडकल्यावर नव्हे.

गप्पांचंही तेच. करड्या मूर्तीसमोर लोक भांडतात ते चेहरा जमलाय की नाही यावर. ऑर्डर उघडली की वाद बदलतो: आत्ता घ्यायची की पुन्हा उत्पादन निघेपर्यंत थांबायचं? कारण पुनर्निर्मिती जाहीर झाली की सेकंडहँड भाव घसरतो. आणि डबा उघडला की नमुन्यातले डोळे आणि हातातले डोळे शेजारी ठेवून फोटो पडतात. एकाच वस्तूची ही तीन वेगळी संभाषणं आहेत. ती तिच्याच पानावर, तिच्या टप्प्याप्रमाणे मांडा. मायफिगरकलेक्शन या संकेतस्थळाने हे फार पूर्वी ओळखलं. तिथे प्रत्येक वस्तूला स्वतःचं पान आहे, आणि ती आपल्याकडे आहे, मागवली आहे की नुसती हवी आहे, एवढी खूण सदस्य करतो. वस्तू ओळखायला जपानी बारकोड कामाला येतो, 45 किंवा 49 ने सुरू होणारे 13 अंक. तीन दुकानांतली तीच फिगर त्याने एका पानावर येते.

सेकंडहँडमध्ये शिकण्यासारखी एक गोष्ट सांगतो. अमिअमी हे दुकान वस्तूला वेगळी श्रेणी देतं आणि डब्याला वेगळी. वस्तू ए, डबा बी. (आपल्याकडे डबा आधी फाडतात, मग आत काय आहे ते बघतात!) तुमच्या फॉर्ममध्ये ‘स्थिती’ असा एकच रकाना असेल, तर पहिल्याच आठवड्यात तक्रारी सुरू होतील.

पण सगळ्यात अवघड काम महागड्या फिगरचं नाही, पत्र्याच्या बॅजचं आहे. जेमतेम 57 मिलिमीटरचा, 500 येनच्या आसपासचा, बंद पाकिटातला बॅज. आत कोणतं पात्र निघेल ते नशीब. आणि चाहतीला तर एकाच पात्राचे डझनावारी हवे असतात, बॅगेच्या पारदर्शक खिडकीत ओळीने लावायला. मग अदलाबदल आलीच. टोकियोतल्या इकेबुकुरो भागात, ॲनिमेट या दुकानसाखळीच्या मुख्य दुकानाशेजारी नाका-इकेबुकुरो बाग आहे. तिथे मुली बॅज मांडून बसतात, काय द्यायचंय आणि काय हवंय ते दाखवतात. ऑनलाइनही पोस्टची तीच दोन कलमं: देणे, हवे.

ही दोन कलमं मोकळ्या मजकुरात ठेवू नका, त्यांचे रकाने करा. मग ॲप साखळी शोधू शकतं. माझा बॅज तुला हवा, तुझा तिला, तिचा मला. किडनीच्या अदलाबदलीत जोड्या लावतात, त्याच जातीचं हे गणित आहे. दोघींचं जुळत नसलं तरी तिघींचं जुळतं. बागेत समोरासमोर बसून हे सुचणं कठीण, यंत्राला सोपं.

अडतं ते पोस्टाशी. आधी कोणी पाठवायचं? मर्कारी या जपानी सेकंडहँड विक्रीच्या ॲपवर खरेदीदाराने वस्तू मिळाल्याचं सांगेपर्यंत पैसे मध्येच थांबतात, आणि पत्ता परस्परांना न कळताही पार्सल जाऊ शकतं. पत्ता लपवणं जसंच्या तसं उचला. पैशाचं मात्र उचलता येत नाही, कारण अदलाबदलीत पैसाच नसतो. माझा उपाय म्हणजे सगळ्यांकडून ठेव घ्यायची आणि शेवटचं पार्सल पोहोचल्यावर परत करायची. ही ठेव बॅजच्या छापील किमतीएवढी ठेवू नका, चालू सेकंडहँड भावाएवढी ठेवा. लोकप्रिय पात्राचा बॅज छापील किमतीच्या कितीतरी पटीने विकला जातो, आणि ठेव 500 येनच असेल तर ती बुडवून बॅज घेऊन पळणंच परवडेल.