बळ आल्यानंतरचा उज्जीया

(भुसावळ येथे हंगामाच्या उपकारस्तुतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बंधुभगिनींनो, गर्वाचा विषय निघाला की आपल्याला बायबलमधला मिसरचा राजा फारो आठवतो, राजवाड्याच्या गच्चीवर फिरत ‘हे थोर बाबेल मीच बांधलं’ म्हणणारा नबुखद्नेस्सर आठवतो. ही माणसं लांबची वाटतात, म्हणून ऐकून आपण सुखाने घरी जातो. आज मी यहूदाचा राजा उज्जीया घेतला आहे. हा आपल्या शिवारातला माणूस.

बायबलमधल्या ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाचा 26वा अध्याय काढा. वयाच्या 16व्या वर्षी तो यरुशलेमेत गादीवर बसला आणि त्याने 52 वर्षं राज्य केलं. लढाया मारल्या, गथ, यब्ने, अश्दोद यांचे तट पाडले. पण त्याने आणखी काय केलं पाहा. रानात बुरूज बांधले. पुष्कळ विहिरी खोदल्या, कारण गुरंढोरं फार होती. डोंगरावर द्राक्षमळे लावले, जागोजागी शेतकरी ठेवले. आणि शास्त्र कारण देतं: त्याला शेतीची आवड होती. दुसऱ्या कुठल्या राजाबद्दल असं लिहिलेलं मला तरी सापडलेलं नाही.

या कष्टांना शास्त्र कुठेही नाव ठेवत नाही. उलट, देवाने त्याला यश दिलं असंच म्हणतं. मग एका ठिकाणी वाक्य वळतं. त्याला अद्भुत साहाय्य मिळत गेलं, तो बलाढ्य होईपर्यंत. आणि बलाढ्य झाल्यावर त्याचं मन चढून गेलं. संकटात तो पडला नाही, भरभराटीत पडला.

यावल-रावेरकडच्या माझ्या केळीवाल्या भावांनो, हे तुम्हाला कळेल. ठिबक तुमचं, टिश्यूकल्चरची रोपं तुम्ही निवडलेली, घड भरले ते तुमच्या राबण्याने. कोण नाही म्हणतं? पण विहिरीत पाणी येतं ते सातपुड्यावर पडलेल्या पावसाचं, पायथ्याच्या दगडगोट्यांतून झिरपत आलेलं. तो पाऊस आपण पाडला नाही. बोअर खोल नेता येते, पाऊस नेता येत नाही. मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होते तेव्हा हे आपल्याला आठवतं. बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव चढला की विसरतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात मोशे नेमका हाच इशारा देतो: घरं चांगली होतील, कळप वाढतील, तेव्हा ‘माझ्या हाताच्या बळाने हे मिळवलं’ असं मनात आणू नकोस.

उज्जीयाचं पुढे काय झालं? मंदिरात धूप जाळण्याचं काम अहरोनाच्या वंशजांचं, म्हणजे याजकांचं. हा धुपाटणं घेऊन थेट मंदिरात शिरला. अजऱ्या याजक 80 याजकांना घेऊन मागोमाग आत गेला आणि राजाला तोंडावर म्हणाला, हे तुझं काम नाही, बाहेर हो. तिथेच थांबला असता तर? पण धुपाटणं हातातच, आणि राजा संतापला. त्या संतापातच त्याच्या कपाळावर कोड उठलं, शास्त्रात ज्याला कुष्ठरोगही म्हणतात ते.

(इथे एक सांगतो, कारण गैरसमज होतो. कुष्ठरोग आज औषधाने बरा होतो. रोग्याकडे पापी म्हणून बोट दाखवणं हेच पाप आहे.)

मला भीती वाटते ती त्या संतापाची. ‘नाही’ ऐकवेना, हीच गर्वाची पहिली खूण. घरात बायको म्हणते, आणखी कर्ज नको. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एखादा म्हातारा वडील म्हणतो, बाळा, जरा थांब. आणि आपलं रक्त उसळतं. उज्जीयाला तरुणपणी देवाचं भय शिकवणारा जखऱ्या नावाचा माणूस होता. त्याच्या काळात राजा देवाला शोधत होता, असं शास्त्र सांगतं. भरभराटीनंतर असा कोणी जवळ होता का, ते लिहिलेलं नाही. आपल्याजवळ कोण आहे, ते आपण तपासायला हवं.

त्या कोडामुळे राजा मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला. कारभार मुलाकडे, योथामकडे आला. 27वा अध्याय घरी जाऊन वाचा, लहानसाच आहे. योथामानेही बांधकामं केली, रानात गढ्या आणि बुरूज उभारले. अम्मोन्यांना जिंकलं, त्यांच्याकडून 10,000 कोर (धान्याचं जुनं माप) गहू आणि तितकेच जव घेतले. बापाने केलेलं बरंच काही त्याने केलं. फक्त मंदिरात तो शिरला नाही.