उसना पंप

नमस्कार श्रोतेहो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागली, फवारणीचे दिवस आले, म्हणून आज वावराच्या आकाराबद्दल बोलायचं आहे. हो, आकाराबद्दलच. वावर किती एकर आहे, त्यावर फवारणाऱ्याचा जीव किती सांभाळला जाणार हे ठरतं.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती. फवारा वर मारला की अंगावरच उतरायचा. तेव्हा जो तो म्हणाला, यांना माहिती नाही. मला ते पटत नाही.

माझ्या मामाचं वावर तीन एकर. सप्टेंबरात गेलो होतो. मामा सकाळीच पंप भरत होता. डब्यावर लाल त्रिकोण. अतिविषारी, हे त्याला पक्कं ठाऊक. मास्क गोठ्यातल्या खुंटीला. वारा सुटलेला, तोही तोंडावर येणारा. म्हटलं, "मामा, वारा पडू द्या, उद्या मारा." मामा म्हणाला, "पंप उसना आहे ना बाप्पा. सांजच्याला परत द्या लागते. उद्या तो दुसऱ्याच्या वावरात जाईन. अन् अळी माह्यासाठी थांबन का?"

पंप नळीपाशी गळत होता. नवव्यांदा भरलेला पंप संपेपर्यंत मामाची पाठ औषधानं भिजली. दुपारी तो बांधावर बसला तो उठेना. घाम, मळमळ, तोंडातून लाळ. मामीनं आधी अंगावरचे कपडे उतरवले, साबण लावून अंघोळ घातली, मग शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर त्याला मध्ये बसवून दवाखाना गाठला. आणि निघताना तिनं औषधाचा डबा पिशवीत टाकला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, कोणतं औषध होतं? मामा वाचला.

पंप उसना, म्हणून दिवसही उसना. 2015-16च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीन 1.34 हेक्टर निघाली, म्हणजे साधारण मामाएवढीच. वीस-तीस एकरवाला वारा पडेपर्यंत थांबू शकतो. पण त्याच्या वावरात फवारतो मजूर, आणि मजुरी बहुधा पंपावर. जितके पंप, तितके पैसे. मग तोही थांबत नाही.

सावड मोडली, हे मला फार लागतं. एकमेकांच्या वावरात निंदायला, पेरायला जाणारी माणसं होती. आज गणपतीची वर्गणी दोन दिवसांत जमते. पाच घरांत मिळून एक धड पंप आणि दोन मास्क का जमू नयेत?

पुन्हा सांगतो. वारा तोंडावर असेल तर पंप उचलू नका. नळी गळत असेल तर आधी वायसर बदला. आणि कुणाला चक्कर आलीच, तर दवाखान्यात जाताना डबा सोबत घ्या, मामीनं घेतला तसा.